विषय : खडखड

आवक क्रमांक दोनशे सतरा.
अर्जदार : रशिदा तांबोळी, शिवणकाम, घोरपडे पेठ.
विषय : घरासमोरील ड्रेनेजच्या झाकणाची खडखड.
मी शिक्का मारला, तारीख टाकली,
कागद आत गेला
जसे सगळेच जातात, पंख्याच्या वाऱ्याने, सावकाश.

आठव्या दिवशी तिच्या मोबाइलवर उत्तर :
आपल्या तक्रारीचे निवारण करण्यात आले आहे.
हे वाक्य आमच्याकडे तयारच असतं
मंगल कार्यालयातल्या खुर्च्यांसारखं,
कुणीही यावं, बसावं.

ती आली. भांडली नाही.
"निवारण झालं, तर रात्रभर वाजतंय ते काय?"
मागे घरपट्टी भरायला आलेला माणूस हसला.
मीही हसलो.

दुसरा अर्ज. तिसरा.
चौथ्यात लिहिलं होतं, झाकण एका कोपऱ्याला बसत नाही,
दुचाकी गेली की वाजतं,
टेम्पो गेला की पुढच्या चाकाला एकदा, मागच्या चाकाला एकदा.
साहेबांचा शेरा : आवाजाचे प्रमाण नमूद करावे.
शेऱ्यांचं असं असतं,
काम टाळायला मारलेला शेराही
एखादा माणूस खरंच वाचतो.

पाचव्या अर्जाला जोडपत्र होतं,
अस्तराच्या कापडाची पट्टी, सव्वा मीटर,
तिच्यावर शिंप्याच्या निळ्या खडूच्या रेघा.
एक रेघ, एक खडखड.
रात्री अकरा ते पहाटे पाच.
दोनच्या सुमारास विरळ,
मग दुधाच्या गाड्या, पेपरची पोरं,
पुन्हा दाट, काजाच्या कडेला असते तशी.
एकूण तीनशे बारा. खाली सही.

कापड नस्तीला कसं लावायचं, याचा नियम नाही.
पंचिंग मशिन अडलं.
शेवटी शिपायाकडून दाभण मागून घेऊन
मीच शिवलं ते, वाकडंतिकडं,
सव्वीस वर्षांच्या नोकरीतली पहिली शिलाई.

खडू मात्र हुद्दा पाहत नाही.
आधी माझ्या बाहीला लागला,
मग कनिष्ठ अभियंता गुंजाळ यांच्या पांढऱ्या शर्टाला,
मग साहेबांच्या बोटांना.
त्याच बोटांनी त्यांनी चष्मा वर सारला
आणि नाकावर निळी रेघ घेऊन
दिवसभर बैठका घेतल्या.
घरी कुणी सांगितलं असेल, मला ठाऊक नाही.
सकाळी नस्तीवर दोनच शब्द होते :
आज बघा.

बघायला गेले गुंजाळ, मुकादम थोपटे, आणि काम नसताना मी.
थोपटेने पहार घालून झाकण उचललं,
कडेला चिकटलेला सिमेंटचा गोळा फोडला,
जुन्या ट्यूबची पट्टी कापून बसवली.
वीस मिनिटं.
वीस मिनिटांसाठी पाच अर्ज, चौदा सह्या, सात महिने.
थोपटे झाकणावर चढून डुलला. झाकण गप्प.
रशिदाबाई दारात, ओठांत टाचण्या, बोलता येईना.
हातानेच म्हणाल्या, थांबा, टेम्पो जाऊ दे.
टेम्पो गेला.
मग आम्ही निघालो.

परतताना थोपटेने पुढच्या झाकणावर पाय देऊन पाहिला.
वाजलं.
त्याबद्दल कुणाचाच अर्ज नव्हता.
गुंजाळांनी घड्याळ बघितलं, मग ट्यूब किती उरलीय ते बघितलं,
आणि मान हलवली.

मला वाटलं होतं, आभाराचं पत्र येईल.
सोमवारी आलं एक. आवक क्रमांक सहाशे चार.
"झाकणाचा आवाज बंद झाला आहे.
त्यामुळे आता रात्री नीट ऐकू येते की
कोपऱ्यावर जमिनीखाली पाण्याची पाइप गळते आहे.
थेंब मोजले नाहीत, ते सलग आहेत.
सोबत कापड."

पट्टीभर एकच रेघ होती, न तुटलेली.
खडू या वेळी पिवळा.
मी शिक्का मारला, तारीख टाकली,
आणि ड्रॉवर उघडला, दाभणासाठी.